पातळ हवेचा ट्रॅक

हर्षवर्धन शिरोळेचं वाटोळं व्हावं, एवढी एकच गोष्ट संयोगिता मगदूमला सलग दोन वर्षं हवी होती. नुसतं हरावा असं नव्हे. हरतात सगळेच. ज्या गोष्टीचा तो तोरा मिरवत होता, त्याच गोष्टीनं तो चारचौघांत, कॅमेऱ्यासमोर तोंडावर आपटावा आणि तिनं ते डोळ्यांनी बघावं. एवढा डूख धरू नये माणसानं, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आधी हर्षानं काय केलं ते ऐकावं. मग खुशाल शहाणपण शिकवावं.

'सर्किटराज' हा खेळ तुम्ही खेळला नसाल, तर तुमच्या घरात कुणीतरी खेळलेलं असणारच. त्यात गाडी चालवायची नसते. चालवतो संगणक. आपण टीमचे मालक, गाडी बांधायची आपण. हातात मोजके गुण असतात, ते वाटून द्यायचे. इंजिनाला किती, ब्रेकला किती, टायर टिकायला किती, गाडी थंड ठेवायला किती. पांघरूण आखूडच असतं. डोकं झाकलं की पाय उघडे. आणि खरी गंमत पुढं आहे. एका ट्रॅकवर वाघ असलेली गाडी दुसऱ्या ट्रॅकवर शेळी होते. लांबच लांब सरळ पट्टे असतील तर मागचा पंख चपटा करायचा, म्हणजे हवा कमी अडवते आणि गाडी सुसाट जाते. वळणंच वळणं असतील तर पंख उभा करायचा, म्हणजे हवा गाडीला खाली दाबून धरते आणि टायर रस्ता सोडत नाहीत. तापलेल्या डांबरावर एक हिशेब, गार डांबरावर दुसरा. प्रत्येक ट्रॅकचा स्वभाव वेगळा, आणि स्वभाव ओळखून गाडी बांधणं हेच सगळं कसब.

ते कसब संयोगिताच्या बोटांत होतं. नवा ट्रॅक पडद्यावर आला की ती चहाचा कप खाली ठेवायच्या आत सांगायची, हा टायर खाणार, हा ब्रेक खाणार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तिच्या वडलांची, आप्पांची, ब्रेकच्या कामाची शेड होती. इंजिनिअरिंगची डिग्री तिनं पुढं घेतली, पण गाडी कुठं रडते हे ऐकायला ती त्या शेडमध्ये शिकली. शेडमधलाच मेस्त्री इर्शाद शिकलगार खऱ्या गाड्याही पळवायचा, मातीच्या ट्रॅकवरच्या जिल्ह्याच्या शर्यतींत. संयोगिता खेळात गाडी बांधायची आणि अशी गाडी हाताला कशी लागेल ते इर्शाद सांगायचा. तिसरा हर्षा. त्याला ना गाडी कळायची ना ट्रॅक, पण जीभ अशी की दगडाला पाझर फोडेल. प्रायोजक आणायचा तो, मुलाखती द्यायचा तो, सह्या करायचा तो. तिघांची 'करवीर रेसिंग' पाच वर्षांत देशातली पहिली टीम झाली.

आणि मग आली छाप.

छाप म्हणजे खेळाडूची संगणकात उतरवलेली नक्कल. खेळताना हातात मोजा घालायचा असतो. तो मोजा नुसती बोटं वाचत नाही. कुठल्या गुणावर हात थबकला, कुठं नाडी वाढली, काय करून परत पुसलं, सगळं टिपतो. अशी पाच वर्षांची टिपणं एका यंत्राला चारली की यंत्र त्या माणसासारखी गाडी बांधायला लागतं. नवा ट्रॅक समोर ठेवा, संयोगिताच्या छापेनं बांधलेली गाडी आणि संयोगितानं बांधलेली गाडी सख्ख्या बहिणी निघायच्या. छाप बोलायचीसुद्धा तिच्याच आवाजात. फक्त एक लक्षात ठेवायचं. छापेला माणूस काय करतो ते कळतं, का करतो ते कळत नाही.

टीमचं खातं हर्षाच्या नावावर होतं. कारण सह्या तोच करायचा. एके सकाळी संयोगिताला स्वतःच्याच टीमच्या खात्याचं दार उघडेना. दुपारी हर्षा एका वाहिनीवर हसत सांगत होता, "माणूस थकतो, रुसतो, आजारी पडतो. छाप रुसत नाही. करवीर रेसिंगला आता डिझायनर नको, छाप पुरे."

तिनं फोन लावला तर म्हणतो कसा, "संयु, मनाला लावून घेऊ नकोस. तू आमच्यातच आहेस की. तुझीच तर छाप आहे."

थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

वकिलांनी हात वर केले. इर्शाद तिकडंच राहिला, कारण हर्षानं त्याला खऱ्या शर्यतीत बसवायचा शब्द दिला होता. आणि बत्तीस वर्षांच्या मेस्त्रीला असा शब्द दुसरं कोण देणार? त्यानं फोन करून चाचरत सांगितलं तेव्हा संयोगितानं एकच वाक्य ऐकवलं, "आजपासनं मेलास तू मला." त्याच्या मुलीच्या बारशाला आप्पा गेले. ती गेली नाही.

महिनाभर ती नुसती धुमसत होती. मग एक गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि ती इतकी मोठ्यानं हसली की आप्पा शेडमधून बाहेर आले.

"काय झालं गं?"

"आप्पा, छाप शिळी होती!"

खरंच होतं ते. खेळात दर मोसमाला टायर बदलायचे, डांबर बदलायचं, नियम बदलायचे. जुन्या टिपणांवर छाप किती दिवस चालणार? म्हणून खेळाच्या कंपनीनं सोय केली होती की मूळ माणूस कुठल्याही खात्यावरून खेळू दे, त्याची नवी टिपणं आपोआप छापेला जाऊन मिळतात. म्हणजे संयोगिता जे करेल ते छाप शिकणार. चोरानं घर लुटलं होतं खरं, पण जेवायला तो अजून तिच्याच चुलीवर येत होता. मग चुलीवर काय शिजवायचं ते तिच्या हातात होतं.

तिनं स्वतःच्या नावानं नवं खातं उघडलं. लोक म्हणाले, लाज सोडली, पुन्हा शेंबड्या पोरांच्या गटात खेळायला लागली. म्हणू देत.

आता डाव कसा होता तो नीट ऐका. शर्यतीच्या गाडीला पुढच्या चाकांपाशी हवेची तोंडं असतात. त्यांतून वारा आत शिरतो आणि तापलेले ब्रेक थंड करतो. ही तोंडं झाकली तर वारा अडत नाही, गाडीचा वेग वाढतो. ब्रेक तापतात, पण नेहमीच्या ट्रॅकवर तेवढं चालून जातं. हवा दाट असते, इकडून तिकडून शिरून काम भागवते. संयोगिता आयुष्यात कधी तोंडं झाकणारी नव्हती. ब्रेकवाल्याची पोरगी ती. पण आता तिनं प्रत्येक ट्रॅकवर, प्रत्येक गाडीला, ही झाकणं लावायचा सपाटा लावला, आणि वाचलेले गुण इतके हुशारीनं दुसरीकडं वळवले की ती जिंकत गेली.

झाकणंच का? कारण खेळाच्या लीगनं आधीच जाहीर केलं होतं, दोन वर्षांनी मोसमाची शेवटची शर्यत लडाखच्या पठारावरच्या नव्या ट्रॅकवर. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटर. तिथं हवा पातळ, इथल्या जेमतेम साठ टक्के. गाडीला अडवायलाच हवा कमी, त्यामुळं गाडी जास्त जोरात धावणार आणि जास्त जोरात थांबवावी लागणार. आणि ब्रेक थंड करायलाही तीच पातळ हवा. वरून गारठा असतो म्हणून माणूस फसतो. पण गार हवा असून उपयोग काय, मुळात ती पुरेशी हवी ना! त्यात झाकणं लावलेली असली तर पाच-सहा फेऱ्यांत ब्रेकचं तेल उकळायला लागणार, आणि सातव्या-आठव्याला पायाखालचं पेडल लोण्यासारखं आत जाणार. नव्या ट्रॅकवर शर्यतीच्या दिवसाआधी चाचणी करायची नाही असा नियम. म्हणजे छाप सवयीनं झाकणं लावणार आणि ऐन फायनलमध्ये हर्षाची गाडी पडद्यावर सगळ्या देशासमोर भिंतीत जाणार.

अडचण एकच आली. छाप काही मूर्ख नव्हती. हात थबकला, नाडी उडाली, की ती खेळी "शंकेची" म्हणून बाजूला टाकायची. झाकण लावताना संयोगिताचा हात दर वेळी कणभर अडायचा. मनाविरुद्धचं काम होतं ना. पहिले काही महिने छाप काहीच शिकली नाही. मग संयोगितानं स्वतःलाच शिकवायला घेतलं. लाव झाकण. लाव झाकण. रोज, शेकडो वेळा, जेवताना, फोनवर बोलताना, हात आपोआप तिकडं जाईपर्यंत. शंका मारायची असेल तर ती मुळातून मारावी लागते, वरवर चालत नाही.

आणि शंका एकट्या बोटांतून निघत नाही. ती माणूसच तशी बिनशंकेची झाली. तडकाफडकी बोलायची, कुणाचं ऐकायची नाही, चूक झाली तर कबूल करायची नाही. आप्पांनी एकदा ताटात मीठ कमी आहे म्हटलं तर म्हणाली, "बरोबरच हाय मीठ. तुमची जीभ गेलीय."

आप्पांनी उठून मीठ घेतलं.

एका शर्यतीनंतर हर्षाच्या गाडीचा आराखडा नेहमीप्रमाणं सगळ्यांना खुला झाला. पुढच्या चाकांपाशी झाकणं लागलेली होती. संयोगिता खुर्चीवरून उठली आणि त्या खोलीत एकटीच नाचली. त्या मोसमात हर्षा जिंकतच गेला. ती प्रत्येक विजयाला टाळ्या वाजवायची. बोकड पोसावा तसं ती त्याला पोसत होती.

फायनलला महिना उरला असताना लीगनं घोषणा केली. लडाखचा ट्रॅक नुसता पडद्यावर नाही, प्रत्यक्षात बांधून तयार आहे. यंदाची फायनल जमिनीवर होणार. खेळातल्या गाड्या जशाच्या तशा बनवल्या जाणार आणि त्यांत खरे ड्रायव्हर बसणार. करवीर रेसिंगचा ड्रायव्हर, इर्शाद शिकलगार.

हर्षानं शब्द पाळला होता. नेमका हाच एक शब्द पाळायला त्याला हीच वेळ सापडली!

संयोगितानं ती बातमी दोनदा वाचली. सांगायला हवं, हे तिला त्याच मिनिटाला कळलं होतं. त्यात काही अवघड नव्हतं. फोन उचलायचा, झाकणं काढ म्हणायचं. पण मग दोन वर्षं पाण्यात. हर्षा गाडी दुरुस्त करणार, फायनल जिंकणार, वर तिच्याच छापेचा उदोउदो करणार. आणि तो इर्शाद तरी कोण लागून गेला? पाठीत सुरा खुपसून तिकडं गेलाच होता ना? उद्या सांगू, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. अजून गाडी बनायचीय, अजून वेळ आहे. माणसाला स्वतःला फसवायला फार अक्कल लागत नाही.

शेवटी आप्पांनीच विषय काढला. शेडमध्ये ब्रेकची चकती घासून देता देता म्हणाले, "इर्शाद्याचा फोन आलता. पठारावर चाललाय म्हणं. त्या गाडीच्या पुढच्या चाकाला हवा कुठनं जाती गं? फोटोत काय दिसंना मला."

तिनं सगळं सांगितलं. सांगताना आवाजात फुशारकीच होती, लपवणार कुठं.

आप्पांनी मशीन बंद केलं. हात पुसले. "हर्षाचं नाक काप. मी सुरी धार लावून देतो. पण पोराचा गळा कशाला कापालीस?"

"सांगणार हाय मी."

"कवा?"

ती चकतीवरची धूळ बोटानं पुसायला लागली.

"संयु, ह्या हातानं दुसऱ्याच्या जिवाचं ब्रेक बांधलं मी चाळीस वर्षं. तू जातीस का मी जाऊ?"

ती गेली. पण तेव्हाही सरळ गेली म्हणता येणार नाही. लेहला पोचून दमलोय म्हणून एक दिवस काढला, विरळ हवेची सवय व्हायला हवी म्हणून दुसरा. पठारावर ती उगवली ती थेट शर्यतीच्या दिवशी दुपारी, गाड्या रांगेत लागत असताना.

ऊन लख्ख होतं, वारा बोचरा. गाड्यांची रांग, तिच्यामागं उंच फलक, बाजूला मंडप. मंडपात हर्षानं बोलावलेले परदेशी पाहुणे. आज गाडी जिंकली की छापेचा धंदा तो खऱ्या मोटार कंपन्यांना विकणार होता. म्हणजे उद्या रस्त्यावरच्या बसगाड्यांचे ब्रेकसुद्धा छाप ठरवणार.

तिला बघून हर्षाचा चेहरा क्षणभर उतरला, मग लगेच दात दिसले. "अरे वा! मूळ प्रत आली."

"हर्षा, पुढची झाकणं काढ."

"का?"

"हवा पातळ हाय. आठव्या फेरीच्या आत पेडल तळाला जाईल. इर्शाद मरंल."

इर्शाद गाडीशेजारीच उभा होता, हेल्मेट काखेत. दोन वर्षांनी ती त्याला बघत होती. केस पांढरे व्हायला लागले होते त्याचे. तो म्हणाला, "ताई, सकाळच्या सरावात तर ब्रेक बरोबर हुता."

"तीन फेऱ्या मारल्यास, ते पण गारठ्यात. आता ऊन हाय आणि चाळीस फेऱ्या हायत."

हर्षा हसला. "संयु, झाकणं काढली की वेग जातो आणि शर्यत जाते. हेच हवंय ना तुला? थांब, आपण जाणकाराला विचारू." त्यानं मनगटावरचं यंत्र तोंडाशी नेलं. "छाप, संयोगिता मगदूम आली आहे. म्हणते झाकणं काढा, ड्रायव्हरच्या जिवाला धोका आहे. खरं बोलतेय का?"

आणि संयोगिताला स्वतःचाच आवाज ऐकू आला. तोच ठसका, तेच कोल्हापुरी पोरींचं पोरांसारखं "मी आलो, मी गेलो."

"खोटं बोलालीय," छाप म्हणाली. "दोन वर्षं ती तुझ्यावर जळतीय. प्रत्येक शर्यतीत तुझ्या गाडीचा आराखडा उघडला की तिची नाडी उडती. मी तिच्या जागी असतो तर असाच शेवटच्या घटकेला आलो असतो, घाबरवायला. आणि तिला इर्शादची काळजी असती, तर ती घोषणा झाली त्याच दिवशी आली असती."

यंत्रानं तिची नाडी वाचली होती, आणि बरोबर वाचली होती.

"ऐकलंस?" हर्षा म्हणाला.

"मग तिला हे विचार," संयोगिता कशीबशी बोलली. "झाकणं का लावली म्हणून विचार."

हर्षानं खांदे उडवले, पण विचारलं.

"ती लावती म्हणून," छाप म्हणाली. "या मोसमात प्रत्येक शर्यतीत लावली. एकदाही हात थबकला नाही."

"पण का?" संयोगितानं विचारलं.

"का ते मला माहीत नाही."

आतापर्यंत गप्प असलेला इर्शाद पुढं झाला आणि हर्षाच्या मनगटाशी वाकला. "मी विचारतो. बाई, गाडीत मी बसल्यावर पण झाकणं ठेवशील?"

छाप थोडी थांबली. "प्रश्न कळला नाही. गाडीत कुणी बसत नाही. माझ्या एकाही शर्यतीत गाडीत कुणी बसलेलं नाही."

इर्शाद सरळ उभा राहिला. त्यानं संयोगिताकडं बघितलं, मग हर्षाकडं. "साहेब, काढा झाकणं. दोन स्क्रूचं काम हाय."

दोन स्क्रूचं काम खरंच होतं. पण लीगचा नियम असा की रांगेत उभ्या गाडीत काही बदललं, तर बदल कुणाच्या सांगण्यावरून झाला ते मागच्या फलकावर झळकायचं. छापेच्या की माणसाच्या. समोर मंडपात पाहुणे बसले होते. ज्याचा धंदा "माणूस नको, छाप पुरे" या वाक्यावर उभा, त्याच्या गाडीसमोर ऐन फायनलला "बदल: माणसाच्या सांगण्यावरून" असं वीस फूट उंच अक्षरांत येणार. आणि माणूस कोण, तर संयोगिता मगदूम!

हर्षाच्या कपाळावर त्या गारठ्यात घाम आला. संयोगितानं तो बघितला आणि तिला कळलं की याला पटलंय. शंभर टक्के पटलंय. तरीसुद्धा तो म्हणाला, "काही होत नाही, इर्शाद. बस तू. छाप कधी चुकलेली नाही."

तेवढ्यात वाहिनीचा कॅमेरा या घोळक्याकडं वळला होता. इर्शादनं तो बघितला की नाही कोण जाणे. तो शांतपणे म्हणाला, "आप्पांच्या शेडमध्ये एक रीत हाय, साहेब. ब्रेक ज्यानं बांधला, पहिली चक्कर त्यानं मारायची. गिऱ्हाईक नंतर बसणार. मी पहिल्यांदा ब्रेक बांधला तवा आप्पांनी मला उतारावरनं सोडलं हुतं." त्यानं हेल्मेट हर्षापुढं धरलं. "ही गाडी छापेनं बांधली. छापेला बूड नाही बसायला. मालक तुम्ही. तुम्ही बसा."

"वेडा झालास का? मी ड्रायव्हर आहे का?"

"एक फेरी मारा. सावकाश मारा. ट्रॅकच्या उतारावर फक्त एकदा जोरात ब्रेक दाबा."

मग संयोगिताला राहवेना. दोन वर्षांचा जाळ एकदम वर आला. ती कॅमेऱ्याकडं बघून नव्हे, हर्षाच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "बस की! छाप चुकत नाही ना? रुसत नाही, थकत नाही. तुझी गाडी, तुझी छाप, बस आत! इर्शादला बसवतोस तसा तू बस!"

सगळी रांग बघत होती. शेजारच्या टीमचे मेस्त्री पाने हातात धरून थांबले होते. पडद्यावर हर्षाचा चेहरा आला, हेल्मेटकडं बघणारा. त्यानं हात पुढं केला. मग मागं घेतला. एक पाऊल मागं सरला. बास, तेवढंच. पण ते पाऊल मंडपातल्या पाहुण्यांनी बघितलं, देशानं बघितलं. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग ते हसू रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं.

"काढा रे ती झाकणं!" हर्षा किंचाळला. "काढा, काढा!"

फलकावर अक्षरं आली. बदल: माणसाच्या सांगण्यावरून. मंडपातले दोन पाहुणे उठून उभे राहिले आणि चष्मे पुसत बाहेर पडले. झाकणं निघाली, पण इर्शाद गाडीत बसला नाही. "आता न्हाई," एवढंच म्हणाला तो. गाडी ढकलत रांगेबाहेर काढावी लागली. बाकीच्या गाड्या सुटल्या त्या आवाजात हर्षा काय ओरडत होता ते कुणालाच ऐकू आलं नाही.

संयोगिताला वाटलं होतं या क्षणी आपण नाचू. झालंही तसंच थोडं. छाती भरून आली, पाय हलके झाले. मिळालं! मागितलं होतं तसंच मिळालं, चारचौघांत, कॅमेऱ्यासमोर, त्याच्याच तोऱ्यानं. खोटं कशाला बोलायचं, तिला फार बरं वाटलं. तिनं पठाराची ती पातळ हवा खोल ओढून घेतली आणि हर्षाकडं पुन्हा एकदा मन भरून बघितलं. तो गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला होता.

मग ती इर्शादला शोधायला वळली. तो ट्रॅकच्या भिंतीपलीकडं एका पडलेल्या टायरवर बसला होता. ती शेजारी जाऊन उभी राहिली.

"चल घरी," ती म्हणाली. "आप्पा वाट बघालेत. मी अजून तुझ्या पोरीचं तोंड पण बघितलं न्हाई."

इर्शाद वर बघेना. बुटाची नाडी सोडत होता. "ताई, एक विचारू? छापेला झाकणं लावायची सवय कशी लागली? तू तर कधी लावत नव्हतीस. शेडमध्ये मला शिव्या घातल्यास तू त्यापायी."

तिला खोटं बोलता आलं असतं. हात थबकला नसता, नाडी उडाली नसती. तेवढी तयारी झालेली होती तिची.

"मी लावली," ती म्हणाली. "हर्षाची गाडी आपटावी म्हणून. तवा गाडीत कुणी बसणार नव्हतं."

"आणि मी बसणार हे कळलं तवा?"

"ते कळून महिना झाला."

तो नाडी सोडायचा थांबला. ट्रॅकवर गाड्या पहिली फेरी पुरी करून समोरून गेल्या, दुसरी फेरी सुरू झाली. मग त्यानं विचारलं, "म्हणजे छाप म्हणाली ते खरं हुतं. काळजी असती तर त्याच दिवशी आली असतीस."

"मी आलो की शेवटी, इर्शाद."

"आलीस. पण खरं हुतं का न्हवतं?"

संयोगिता त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

"खरं हुतं," ती म्हणाली.

इर्शादनं बूट काढले, आपल्या चपला घातल्या आणि उठला. "आप्पांना माझा सलाम सांग," तो म्हणाला. दोन पावलं गेला, थांबला, पण वळला नाही. "मागं तू मला म्हणालीस, मेलास तू मला. तवा मी म्हटलं, राग हाय, निवंल. राग न्हवता गं तो, ताई. तू खरंच मारूनच टाकलं हुतंस मला."

तो बसच्या तळाकडं चालत गेला. शर्यत अजून चालू होती. आठव्या फेरीला सगळ्या गाड्या उतारावरून सुखरूप खाली आल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.